पाचाला चार

गोकाकच्या पोराला निळं कार्ड दाखवलं
तेव्हा आमच्या बाकावर कुणीतरी शिट्टी मारली.
दोन मिनिटं. ते चार, आम्ही पाच,
गोलकीपर धरून.
मला सगळे धरूनच मोजतात.

टिळकवाडीतलं सिमेंटचं रिंक.
पाटीवर संघांची नावं कानडीत,
खाली खडूनं कुणीतरी तीच मराठीत,
आकडे तेवढे इंग्रजी.

ह्या मोसमात असं पाच वेळा झालं होतं:
माणूस त्यांचा बाहेर,
गोल आमच्यावर.
शट्टुप्पा सर उद्यमबागेत फाउंड्रीला आहेत,
रिजेक्ट कास्टिंगसारखं वहीत लिहितात,
तारीख, वेळ, कुठनं फुटलं.

सहाव्याचं मी सांगतो,
कारण मी तिथंच होतो.

चेंडू मष्णूकडं.
मष्णूनं इरफानला दिला, इरफाननं सुप्रीतला,
सुप्रीत मोकळा होता
तरी मारला नाही त्यानं,
कारण नागेंद्र अजून मोकळा होता.
असं चाललं होतं.
बघायला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला.
गोकाकचे तिघं तीन दगडांच्या चुलीसारखे
जागच्या जागी तापत उभे.
त्यांना काही सुंदर करायचं नव्हतं.
एक टोला, लांब, कुठंही,
एवढंच त्यांचं काम.

एक माणूस जास्त झाला
की प्रत्येकाला वाटतं, तो जास्तीचा
मागं थांबलाय.
मागं कुणी नव्हतं.
मागं मी होतो.

कठड्याला मधोमध एक बुटकं फाटक आहे,
कडी गंजलेली, उघडताना किरकिरते.
त्याच्या पलीकडं खुर्चीवर कार्डवाला बसू,
दोन मिनिटं दम खाऊन, घाम वाळवून,
एक स्केट आधीच पुढं टाकून.
टेबलावरच्या माणसानं हात खाली केला.
कडी उघडलेली मी बघितली.
खरं, माझी नजर परत पुढंच गेली.
आता गोल होणार, म्हणून मी
गुडघे सरळ करून उभा होतो,
घरातल्या पाहुण्यासारखा.

नागेंद्रचा फटका त्यांच्या काठीला लागून उडाला.
टप्पा, टप्पा, फाटकाच्या दिशेनं.
"हिंद नोडो!" कुणीतरी ओरडलं.
मागं बघ.
आमच्या चौघांनाही कानडी कळतं,
कानाला वेळ लागला नाही,
चाकांना लागला.

बसू एकटा आला.
मी त्याच्या डोळ्यांकडं बघितलं,
त्यानं माझ्या गुडघ्यांकडं.

सोमवारी सर ओरडले नाहीत.
वहीतल्या वेळा तेवढ्या वाचल्या:
एक अठ्ठावन्न. दोन तीन. दोन एक.
सुप्रीत म्हणाला, ऊन डोळ्यावर होतं.
मष्णू म्हणाला, चेंडू नवा होता.
सरांनी वही मिटली.
"एकानं अर्ध्या रेषेवर थांबायचं.
फाटकाकडं बघत.
पुढं जायचं नाही, काही करायचं नाही.
कोण?"

सगळे स्केटच्या नाड्या बांधायला लागले,
बांधलेल्यासुद्धा.

भरमा कडोलीहून पहिल्या बसनं येतो,
कधी कधी घरच्या कोथिंबिरीच्या पेंढ्या
मंडईत टाकून.
बदली खेळाडूंत तिसरा.
"मी थांबतो," म्हणाला,
बसमध्ये जागा नसल्यावर म्हणावं तसं.

निपाणीविरुद्ध परत निळं कार्ड निघालं.
पुढं चेंडू फिरत होता, आरडाओरडा चालला होता,
आणि हा रेषेवर,
काठी खाली टेकवून,
मान फाटकाकडं.
बाकावरनं कुणीतरी हाक मारली, "पुढं जा की बे!"
तो गेला नाही.
कडी किरकिरली तेव्हा
बाहेर येणाऱ्या पोराच्या आडवा
तो आधीपासूनच होता.

आम्ही गोल केला नाही.
आमच्यावर झाला नाही.
टाळी कशाला वाजवायची, कुणाला कळलं नाही.

मला तेवढं दिसत होतं:
त्याच्या पाठीवरचा नऊ,
वरची शिलाई सुटून
उलटा लोंबणारा, सहासारखा.
दोन मिनिटं मी तोच बघत होतो,
गुडघे वाकवून.