सातवा प्रकार

आमच्या बेटावर नाताळाला
सात प्रकारची बिस्किटं लागतात.
डब्यात कमी भरली तर कुणी बोलत नाही.
मोजतात फक्त.

गुडवैगच्या डब्यात एकतीस वर्षं
सहाच निघाली.

ती मेमध्ये गेली.
डिसेंबरात ओड्वारने,
जन्मभर बोटींची इंजिनं उघडून मिटणाऱ्या माणसाने,
पहिल्यांदा मैदा चाळला.
वहीत तिचं अक्षर: लोणी, साखर, वेलदोडा,
आणि पुढे, पीठ मावेल तेवढं.
मावेल म्हणजे किती?
आधी भिंतीला विचारलं त्याने,
मग मला, कुंपणावरून.
म्हटलं, हाताला चिकटायचं थांबेल तोवर.
"माझ्या हाताला ग्रीसशिवाय
काही चिकटलंच नाही कधी," म्हणाला.

पहिला घाणा करपला.
दुसरा पसरून सगळा एक झाला, नकाशासारखा.
तिसऱ्याला घरभर वास सुटला
तेव्हा तो ओट्याला टेकून उभा राहिला जरा वेळ,
खिडकीकडे तोंड करून.
दुपारचे तीन. बाहेर काळोख.

पानापानाच्या कडेला नावं होती.
बिर्गेरला दात नाहीत, मऊ काढ.
शाळेतल्या बाईंना बदाम चालत नाही.
सातव्या पानावर कृती नव्हती,
नुसतं एक नाव, खोडलेलं,
इतक्या जोरात की कागद फाटला होता.
राग्ना. सख्खी बहीण.
आई गेल्यावर
घरावरून नाही, जमिनीवरून नाही,
पातळ बिस्किटांच्या एका लोखंडी साच्यावरून
दोघींनी बोलणं टाकलं होतं.

चोवीस तारखेची शेवटची बोट.
परतीची सव्वीसलाच, हे त्याला ठाऊक होतं.
मांडीवर डबा, झाकणावर दोन्ही हात,
असा बसून गेला पलीकडच्या किनाऱ्याला.

राग्नाने दारातच झाकण काढलं.
मोजली.
एक खाल्लं. "करपलंय," म्हणाली,
"तिच्या हातून नसतं करपलं."
आणि दुसरं उचललं.

एवढंच सांगितलं त्याने मला.

आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत.
सव्वीसला धक्क्यावर उतरला तेव्हा
त्याचा एक खांदा वजनाने खाली आला होता.
मी काही विचारलं नाही.

संध्याकाळी कुंपणावरून हाक आली:
"अगं, पीठ पातळ हवं म्हणते ती.
पातळ म्हणजे किती?"