खट

ते गाणं संपतं ना,
म्हणजे लोकांना वाटतं संपलं,
त्याच्यानंतर अर्धा सेकंद कान द्या.
खट.
ती मी.

मानेवाड्याला, धकात्यांच्या गिरणीच्या वर,
भिंतींना गाद्या ठोकून केलेली खोली.
एका गादीवर धाकट्याच्या मुताचा जुना नकाशा.
थोरला भाऊ रेकॉर्डिंग करायचा.
मला काम एकच:
त्यानं बोट वर केलं की कूलर बंद,
बोट खाली, कूलर सुरू.
बटण दाराजवळ होतं,
तिथं वारा पोचत नसे.
दहावीचा निकाल लागायचा होता, मी रिकामीच होते.

चार पोट्टे यायचे, एका लुनावर दोन खेपा करून.
गोळीबार चौकातले हेडाऊ दोघं, सख्खे चुलत,
इंदोऱ्याचा अशित,
आणि मोहननगरचा जोएल,
त्याला चर्चमुळं मधला सूर धरून ठेवता यायचा.
चौघांच्या केसांना जेल.
मे महिन्यात जेल!
वितळून भुवयांत उतरायचं.

आमच्यासाठी धकाते काका पट्टा थांबवायचे,
पण ज्वारी घेऊन आलेल्या बाया थोड्याच थांबतात?
"झालं का वं तुमचं गानं?" जिन्यातून.
म्हणून प्रत्येक टेक घाईत.
पुढं लोक म्हणाले, काय ती अधीरता, काय तो वेग.
पाच किलो ज्वारी होती ती.

त्या दिवशी सेहेचाळीस.
अशितच्या खिशात आईनं दिलेला कांदा.
'ऊन लागलं, तुझं ऊन लागलं'
तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फाटतो,
तिथं पुण्याच्या पोरी डोळे मिटायच्या म्हणे.
एका पेपरात आलं होतं: विरहाची चीर.
त्याला खरंच लागलं होतं.
तो खिशातलाच कांदा ठेचून
आम्ही त्याच्या तळपायांना चोळला,
आणि परत उभं केलं.

तेराव्या टेकला
बोट खाली यायच्या आधी माझा हात गेला.
भाऊ ओरडला नाही.
नुसतं बघितलं.
चौदाव्यासाठी कुणात जीव नव्हता,
आणि खाली पट्टा फिरू लागला होता.

मग अकरा आठवडे एक नंबर.
बर्डीवर, ऑटोत, पानठेल्यावर,
कळमन्याच्या मंडीत पोती उचलणाऱ्यांच्या तोंडी.
चौघांचं पोस्टर माझ्या मैत्रिणीच्या कपाटाला, आतून,
बापाला दिसू नये म्हणून.
कव्हरवर बारीक अक्षरात आभार होते:
आई-बाबा, दीक्षाभूमी, येशू, टेकडीचा गणपती,
धकाते काका, लुना.

लुना.

दुसरं गाणं त्यांनी मुंबईत केलं, एसीत.
ते कुणाला आठवत नाही.
हेडाऊ दोघं आता बोलत नाहीत,
अशित महापालिकेत टँकरच्या पाळ्या लावतो.
गाणं मात्र आहे.
पण रेडिओवाला शेवटावर बोलतो,
वरातीतला डीजे त्याच्यावर दुसरं चढवतो,
इतक्या वर्षांत ते पुरतं ऐकणारी
बहुतेक मी एकटीच.

परवा भाचा म्हणाला, आत्या, संपलं,
आणि कानातलं काढायला लागला.
म्हटलं, थांब बे.
खट.
"हे काय होतं?"

काय सांगू.
पुढचं रेकॉर्डच झालं नाही.
पंपानं आधी हवा गिळली,
मग पाणी वाळ्यावर चढलं, वास सुटला,
पोट्टे शर्ट काढून फरशीवर आडवे,
कुणी काही गात नव्हतं,
आणि जोएलनं, न उठता,
पायाच्या अंगठ्यानं
कूलरच्या पट्ट्या
जरा दाराकडं वळवल्या.