बाळगणे

शारजाच्या कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
एसी इतका गार की शपथ घेतानाही दात वाजतात.
मी मधे उभी. माझं काम मधे उभं राहण्याचं,
उजव्या कानात अरबी, डाव्या कानात संगमेश्वर.

आरोपी भागोजी रेवाळे, वय एकतीस,
लिफ्ट दुरुस्तीवर हेल्पर.
त्यांनी वाचलं, हियाझा.
मी म्हटलं, ताबा.
तो नुसता बघत राहिला.
त्याला ठाऊक असलेला ताबा जमिनीचा होता,
चुलत्याकडे गेलेला.
मग मी म्हटलं, जवळ बाळगणे,
आणि जीभ अडखळली,
कारण आमच्याकडे माणसं धीर बाळगतात,
फार तर एखादा राग, वर्षानुवर्षं,
आणि त्याचं कुणी वजन करत नाही.

इथे केलं. एकशे चाळीस ग्रॅम.
लॅबच्या कागदावर शिक्क्याखाली लिहिलंय, खशखाश.
मला फारसं काही करावं लागलं नाही,
दोन श चे दोन स केले, झालं.

"कशासाठी आणली?"
"लाडवांना. डिंकाच्या."
डिंक कळला त्यांना, जगभर त्याला यांचंच नाव आहे.
बाळंतीणही कळली.
इतकं कळूनही कागद जागचा हलला नाही.
कायद्याची यादी आहे, यादीत दाणा आहे.
दाणा भाजलेला की कच्चा,
तुपात पडणार होता की कशात,
हे यादी विचारत नाही.

"दिली कुणी?"
"शेजारच्या बायोकाकूने. तिची सून अजमानला असते,
दिवस भरत आले होते."
"सुनेचा नवरा?"
"फोन लागत नाही, साहेब."
मी साहेब गाळलं.
एवढंच मी गाळू शकते.

"पुडीत काय आहे, माहीत होतं?"
"होतं की."
त्याच्या वकिलांनी डोळे मिटले.
मग उठून त्यांनी फिरवून विचारलं,
हा गुन्हा आहे, हे माहीत होतं?
"नाय."
मी दोन्ही उत्तरं नेऊन ठेवली समोर,
एकाच क्रियापदात, सावकाश.
ती दोन आहेत हे कुणाला दिसलं
मला सांगता येणार नाही.

अंमली हा शब्द मी दिवसातून वीसदा उच्चारते.
आपल्याकडे अंमल म्हणजे नशा,
आणि अंमल म्हणजे राज्यही.
इथे अमल म्हणजे काम, ज्यासाठी तो आला.
आणखी एक अमल आहे, घशात जरा वेगळा लागतो,
त्याचा अर्थ आशा.
सगळे माझ्याच तोंडातून जातात.
संध्याकाळी घोटभर चहाही कडू लागतो.

अठ्ठ्याण्णव साली मी दापोलीहून आले तेव्हा
अम्मीने ओढणीच्या घडीत एक डबी ठेवली होती,
ईदच्या शीरखुर्म्यासाठी, म्हणाली, तिथली चांगली नसते.
मला ती घरी पोचल्यावर सापडली.
रांगेत माझ्या पुढची बॅग उघडली होती,
मागच्या बाईचीही,
लोणच्याच्या बरणीवरून केवढी हुज्जत.
माझी सरकत गेली पट्ट्यावरून.
हे मी शपथेवर कुठे सांगितलेलं नाही.
शपथ तर रोज घेते.

गावी हसणाऱ्यांत खसखस पिकते.
हे वाक्य मी अजून अरबीत नेलेलं नाही.

पुढची तारीख एकोणीस.
मी ती त्याला बोटांवर मोजून सांगितली, नऊ दिवस.
शिपायाने दंड धरला तसा तो वळला,
"ताई, मुलगा झाला की मुलगी?
कुणी काही बोललं का?"

न्यायाधीशांनी मान वर केली. काय म्हणतो?
नियम आहे, बोललेलं सगळं न्यायचं.
मी नेलं.
थोडा वेळ फक्त एसीचा आवाज.
मग कारकुनाने पेन वर धरून विचारलं,
हे लिहायचं का?