फुटाला एक सूत

बोर्डावर आजोबांचं नाव आधी,
मग हिंदुतात्यांचं, मग ‘अँड सन्स’.
सन्स सगळे आजोबांचे.
तात्यांनी लग्न केलं नाही.
बोर्ड मात्र त्यांनीच रंगवला,
एकाच ब्रशानं, एका सोमवारी,
अख्खं उद्यमनगर सुट्टीवर असताना.

आजोबा भट्टीचे. त्यांचा आवाज
ब्लोअरच्याही वर चढायचा.
बँकेचा माणूस आला की तेच बोलायचे.
तात्या मागच्या शेडमध्ये, शिवणीच्या भुशात,
कानावर पेन्सिल, ओठांत चुका.

जे जे लोखंडाचं होणार
ते आधी त्यांच्या हाताखाली लाकडाचं व्हायचं:
गुऱ्हाळाच्या चरकाचं दातेरी चाक,
इंजिनाचं फ्लायव्हील, पंपाचं पोट.
चपड्याचा हात द्यायचा, काळ्या वाळूत दाबायचं,
ठसा उमटला की अलगद उचलून घ्यायचं.
मग लाकूड जिथं नाही
तिथं रस ओतायचा.

त्यांची पट्टी निराळी होती.
लोखंड गार होताना आटतं,
म्हणून फुटाला एक सूत जास्तीचं.
हे आठव्या वर्षी मला कुठलं ठाऊक!
चौकटीला पाठ लावून उभी राहिले,
त्यांनी डोक्यावर गुण्या धरला, खूण केली, मोजली.
‘पावणेचार फूट.’
शाळेत मोजलं तर अर्धा इंच जास्त.
रडत येऊन विचारलं, खरं कुठलं?
रंधा न थांबवता म्हणाले,
‘गार झाल्याव कळंल.’

एकदा अख्खी हीट वाया गेली.
चौदा फ्लायव्हील, चौदांना तडे.
आजोबा सगळ्या कामगारांसमोर त्यांना बोलले.
अकरा दिवस दोघांचं बोलणं बंद.
एकाच चुलीवरचे दोन डबे
दोन शेडमध्ये उघडायचे.
बाराव्या दिवशी आजोबा मागच्या शेडच्या दारात आले,
तडकलेलं एक चाक पायानं सरकवलं
आणि चाकालाच म्हणाले,
‘वाळूत पाणी जास्त झालं हुतं.’
तात्यांनी पिंपावरचा भुसा झटकला,
त्यांना बसायला.

मला ही गोष्ट दोघांनीही सांगितली नाही.
दस्तगीरमामांनी सांगितली,
तेव्हा ते तात्यांच्या हाताखाली नवे होते,
पाणी मारायचं काम त्यांचंच होतं.

आता शिरोलीत मी स्क्रीनवर आकडा टाकते:
आटणी, एक टक्का.
मशीन रात्रभर एकटं कापत बसतं.
तात्यांना दाखवायला नेलं होतं एकदा.
अ‍ॅल्युमिनियमच्या पॅटर्नवरून अंगठा फिरवला,
धारा बघितल्या, मान डोलावली,
मग नाकाशी नेऊन म्हणाले,
‘ह्येला वास कसा न्हाई गं?’

मार्गशीर्षात ते गेले.
भावकीत बराच वेळ चर्चा चालली,
फोटो आजोबांच्या शेजारी लावायचा की खाली,
‘संस्थापक’ लिहायचं की ‘सहसंस्थापक’.
मी म्हटलं, आधी लावा तरी.

फ्रेम दस्तगीरमामांनी केली, सागवानाची,
डोळ्यांना आता दिसत नाही तरी.
काच महाद्वार रोडवरून मापानं कापून आणली.
बसवायला गेलो तर
काच दीड सूत आखूड.
दुकानदाराला फोनवर झापलं.
त्यानं परत मोजायला लावलं.
काच बरोबर होती.

मामांनी खिशातून पट्टी काढली,
पितळी टोकांची, मधला आकडा झिजलेली,
दर खंडेनवमीला जिला झेंडू मिळायचा ती.
‘हातात हीच आली, पोरी. सवयीनं.’
दुसरी फ्रेम करतो म्हणाले.
नको म्हटलं.

काच खाचेत टेकते, पण पुरती बसत नाही.
पलीकडं शेक-आउट सुरू झालं
की भिंतीवर आजोबा गप्प असतात
आणि शेजारी तात्या
दिवसभर खडखडत राहतात.