चार बोटं

सुमेध बेंगळुरूला गेला तेव्हा
सायकल जिन्याखाली ठेवून गेला.
दोन वर्षं मी तिच्या हँडलला कांद्यांच्या जुड्या टांगल्या.
मग एका जूनमध्ये रिक्षावाल्याशी भांडण झालं
आणि मी कांदे उतरवले.

घरापासून शाळा अडीच किलोमीटर.
मधे सेलूचं रेल्वे फाटक, जिनिंगचे ट्रक,
सरकीसकट डांबराला चिकटलेला कापूस.
पोरी म्हणाल्या, अगं, भूमितीच्या बाई सायकलवर!

आठवड्यात करंगळी बधिर.
हातून खडू सुटला,
काटकोन अर्धाच राहिला फळ्यावर.
दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक खिळा,
उशी कशीही घ्या, तो तिथंच.
डॉक्टर म्हणाले, वय.
गोळ्या लिहून दिल्या, पिवळ्या.

फाटकापाशी खाजामियाँचं दुकान.
बशीतल्या चहावर फुंकर मारत
ते मला चार दिवस बघत होते, येताना, जाताना.
पाचव्या दिवशी म्हणाले,
"म्याडम, तुमे सायकल नै चलारे,
उसके पीछे दौडरे."

कोपर सीटच्या टोकाला लावायला सांगितलं,
बोटं सरळ, पुढं.
बोटं संपली, हँडल अजून पुढंच.
उरलेल्या जागेत त्यांनी आपली चार बोटं आडवी धरली,
मला न शिवता.
"इत्ता. इत्ता तुमारा नै."

ते कुणाचं, दोघांनाही ठाऊक होतं.
स्टुलावर न चढता पंखा पुसणारं पोरगं.

पण आधी माझाच हट्ट:
हँडल बदला, दूधवाल्यांचं असतं तसलं,
मागं वळलेलं.
दोन दिवस ताठ बसले, लग्नातल्या विहिणीसारखी.
वळताना गुडघा मुठीवर आदळायचा,
सगळं वजन बुडाखाली,
मानवत रोडचा एकेक खड्डा
मणक्यातून थेट दाढेपर्यंत.
परत नेलं. "मैं बोल्या था" असं ते म्हणाले नाहीत.
वीस रुपये कमी घेतले.

हँडल आणि फ्रेम यांना जोडणारा तो सांधा,
बाकीचे स्टेम म्हणतात, खाजामियाँ गर्दन.
तेलाच्या डब्यात अशा तीसेक गर्दनी.
त्यातली अंगठ्याएवढी एक त्यांनी काढली,
जराशी वर बघणारी.
मग सुतळी माझ्याच हातात दिली, "तुमीच पकडो."
खांद्याच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत धरली,
गाठ मारली.
शिंप्यानं इतकी मापं घेतली जन्मात,
हे पहिलंच, माझं मी घेतलेलं.
गाठीएवढी नळी ठेवून
त्यांनी दोन्ही टोकं करवतीनं कापली.

पहिल्या दिवशी हँडल उतावळं,
शिंकलं तरी वळायचं.
एकदा चाक गटारात गेलं, पोरींनी बघितलं.
पण कोपर वाकले होते,
दारात गप्पा मारत उभ्या बाईचे असतात तसे,
घाई नसलेले.
फाटक बंद. मालगाडी.
इतके दिवस मला तिची फक्त चाकं दिसायची.
त्या दिवशी डबे मोजले. अठ्ठावन्न.

दिवाळीत सुमेध आला.
दुधाला म्हणून सायकल काढली
आणि गल्लीच्या टोकावरूनच परतला, गुडघे कोपरांत.
"आई, काय करून ठेवलंस? बसताच येईना."

जुनी गर्दन शिलाई मशीनच्या खणात होती,
पेपरात गुंडाळलेली. सोबत सहाचा पाना.
"बसवू?"
बसव की. चार दिवस तर आहेस.
जाताना माझी लावून जा.

शाळा उघडली त्या सकाळी बघितलं.
लावली होती.
जरा वाकडी, चाक सरळ आणि हँडल
केसभर डावीकडं.
पाना पिशवीतच होता.
फाटकापर्यंत तशीच गेले.