करमुक्त

इथे कर नाही.
विमानतळावरून कॅम्पला नेणारा ड्रायव्हरसुद्धा सांगतो हे,
जणू बाजूचा समुद्र त्यानेच आणून ठेवलाय.
जितकं कमवाल तितकं तुमचं.

मी टाइमकीपर. दोहा, इंडस्ट्रियल एरिया.
पहाटे पावणेचारला मशीनची काच पुसून ठेवतो
आणि तीनशे दहा अंगठे येतात माझ्यापुढे.

हाणमंत कोंडलवाडे, तालुका देगलूर, काम गिलाव्याचं.
नऊ वर्षं सिमेंट कालवून
अंगठ्यावरच्या रेषा गेल्या.
मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
तो अंगठा पँटला पुसतो,
डोक्याच्या तेलातून फिरवून आणतो.
पुन्हा प्रयत्न करा.
मागे रांग चुळबुळते, बस हॉर्न मारते.
मी हजेरी हाताने लिहितो,
आणि हाताने लिहिलेला दिवस
वरच्या ऑफिसात अर्धाच भरतो.

चौथीत गुरुजी समानार्थी शब्द घोकून घ्यायचे.
कर म्हणजे हात.
कर म्हणजे सारा, हे मोठेपणी कळलं.
आणि कर म्हणजे नुसतंच कर,
फोरमन परातीवरून ओरडतो तसं.

मार्च महिन्यात कागद आला:
किमान वेतन हजार रियाल, सगळ्यांना.
जेवण देत नसाल तर तीनशे वर.
त्या रात्री टेकबहादुरने वर्गणी काढून कोंबडी आणली,
मोफज्जल बेसूर गायला, कोणी थांबवलं नाही.

हाणमंताला आधी आठशे होते,
खाण्याचे अडीचशे,
रोजच्या दोन जादा तासांचे मिळून दोनशे.
आता हजार.
खाणं कंपनीचं, पहाटे भरलेली डाळ
जी बाराला झाकण उघडायच्या आधीच वास देते.
जादा तास बंद.
बेरीज मीच केली, तीनदा,
कॅल्क्युलेटरवर आणि मग बोटांवर.
एकही आकडा खोटा नव्हता.
कायदा शब्दाला शब्द पाळला होता आम्ही.

शेवंताचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या खाटेवर होतो.
पगार वाढला म्हणे तुमच्याकडं, मोबाइलवर आलंय.
हो, वाढला, तो म्हणाला.
आणि त्या महिन्यातही तितकेच पाठवले.
ते कुठून आले मी विचारलं नाही.
शुक्रवारी चहाला येणं त्याने सोडलं होतं,
दाढी स्वतःच करायला लागला होता, गालावर काप.
पैसे पाठवायच्या खिडकीवर पंधरा कापले जातात,
तो कर नाही, ती फी.
कर तिकडे बसलाय देगलुरात, दुकानाच्या फळीवर,
साबणाच्या वडीत, रिचार्जमध्ये,
त्याच्या पैशाची वाट बघत.

गेल्या महिन्यात अर्धे दिवस सहा झाले.
मी ऑफिसात बोललो. ते म्हणाले, मशीन काय खोटं बोलतं?
मग एका संध्याकाळी बस लवकर आली तेव्हा
मी त्याची सगळी बोटं काचेवर ठेवून पाहिली, एकेक.
तर्जनी कोरी. मधलं बोट कोरं.
अनामिकेला थोडंसं काही, पुसलेल्या पाटीसारखं.
करंगळीला मात्र हिरवा दिवा लागला.
आम्ही दोघे दचकलोच.

गिलाव्यात ती कुठं लागत नाही, तो म्हणाला,
लहान म्हणून राहिली.
दुसऱ्या दिवशी तिच्यावर चिंधी बांधून आला,
बाकीची नऊ बोटं उघडी.
मशीनपाशी चिंधी सोडली, बोट टेकवलं,
दिवा लागला, पुन्हा बांधली.

बसच्या पायरीवरून वळून
त्याने ती करंगळी मला वर करून दाखवली,
शाळेत बाहेर जायला विचारायचो तशी.
मी नुसती मान हलवली.
रांगेत पुढचा अंगठा आला होता.