कारणाचा रकाना

आजोबांना क्वार्तेलातून बैलगाडीवर आणलं
तेव्हा चादर आखूड पडली होती.
तोंड झाकलेलं, पाय उघडे.
आमच्या घरात ही गोष्ट पायांपासूनच सुरू होते.

असोळण्याचा शाणू तारी
रात्रीच्या भरतीला साळ नदीपलीकडे
कुणाकुणाला सोडायचा. नावं विचारायचा नाही.
विचारली तर सांगावी लागतील,
एवढंच त्याचं राजकारण.

चौथ्या दिवशी मडगावहून कागद आला,
पोर्तुगीज, छापील, सगळा भरलेला:
वय, धर्म, धंदा. मरणाचं कारण, ताप.
खाली तेवढी जागा कोरी,
रेजेदोरच्या सहीची, शिक्क्याची.

रेजेदोर म्हणजे लिबोरियु फुर्तादो.
तीस वर्षं गावाची मरणं त्यानं लिहिलेली:
देवी, साप, बाळंतपण, माडावरून पडून,
आणि माणूस फारच म्हातारा असला
तर नुसतं, 'पुरे झालं'.
सरकारवर त्याचा राग नव्हता.
गव्हर्नरची तसबीर त्याच्या सालात होती,
बायको शनिवारी फडक्यानं पुसायची.
सत्ता वरूनच येते असं व्हिगारानं शिकवलेलं,
आणि त्याला ते पटलेलंही होतं.

पण चादर आखूड होती.

आजी सांगायची,
तो आला, बूट पायरीवर काढले,
वाकला, आणि किती वेळ तसाच.
तळव्यांवर पालमातोरीचे गोल गोल वळ,
लाकडातल्या भोकांच्या खुणांसकट, एकावर एक.
मग त्यानं पाणी मागितलं.
आजीला वाटलं, प्यायला.

दर पवित्र गुरुवारी इगर्जीत
बारा जणांच्या बाकावर तो तिसरा बसायचा,
लाल ओपा, उजवा पाय पुढे.
व्हिगार गुडघे टेकून पाणी ओतायचा
आणि ह्याला दर वर्षी गुदगुल्या व्हायच्या.
हसू दाबायला तो छताकडे बघायचा.

रात्री त्यानं मडगावला उत्तर लिहिलं. दोनच ओळी.
ताप मी पाहिला नाही.
पाय पाहिले.

व्हिगार छत्री घेऊन घरी आला.
'लिबोरियु, मेलेला काही परत येत नाही.
तुझ्या चार मुली आहेत.'
'पाद्र, त्या शुक्रवारीही एका अधिकाऱ्यानं
पाणी मागवलं होतं, हात धुवायला.
मी पाय धुतलेत.
तेच हात घेऊन सही कशी करू?'
व्हिगार काही बोलला नाही.
छत्री मात्र तिथेच विसरून गेला.

वेळ्ळीच्या रेजेदोरला कागद पाठवला,
तर त्याला नेमका त्याच आठवड्यात ताप आला,
खराखुरा, म्हणे, तीन आठवडे.
शेवटी मडगावच्याच एका कारकुनानं सही केली.
म्हणजे कागदावर आजोबा तापानंच गेले.
लिबोरियुचा शिक्का काढून घेतला,
थोरलीचं ठरलेलं लग्न मोडलं,
आणि तो उरलेली वर्षं
माडांना आळी करत राहिला.
गावच्या जुन्या वहीत मात्र शाणू तारीपुढचा रकाना
अजून रिकामा आहे. एक शाईचा ठिपका,
बहुधा टेकवलेल्या टाकाचा.

मी ख्रिस्ताव नाही. मी तलाठी आहे.
माझ्या टेबलावर खाजनाची फाइल आहे:
जमीन पडीक, भात होत नाही, असा दाखला हवाय.
मामलेदारांचा आज चौथा फोन.
'वरून आहे हो बाई. तुम्ही फक्त सही करायची.'

सकाळी बांधावरून मानसीपर्यंत चालत गेले.
कोरगुट गुडघ्याएवढं आलंय.
एक खेकडा वाट अडवून उभा राहिला
आणि मीच बाजूनं गेले, चिखलातून.

पेनाचं टोपण काढून ठेवलंय.
पंख्याखाली चिखल वाळतोय,
बोटांमध्ये ताणतोय.
पाय अजून धुतले नाहीत.